भिंतीवरची सावली आणि लवंगेचा अर्क

गल्लीच्या टोकाच्या खोलीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मागचे टाचा उंचावत होते, पुढचे मागे रेटत होते. सगळ्यांचे डोळे शिंपिणीच्या मागच्या भिंतीवर खिळले होते. तिथे एक काळी सावली उमटली होती. गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या मुलाची, मान किंचित झुकलेली.

त्याच भिंतीशी शिंपिणीचा थोरला निजायचा. गेल्या वर्षी जुलाब-उलट्यांनी तो गेला.

"अगदी असाच बसायचा गं," शेजारीण कुजबुजली आणि तिने पदर तोंडाला लावला.

सावली पहिल्यांदा दिसली तेव्हा शिंपीण घाबरली नव्हती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मशीन चालवता चालवता ती त्या सावलीशी बोलायची. "थांब हं, एवढी बाही जोडते, मग दिवा लावते." खोलीतला ओलसर वाससुद्धा तिला सोबतीसारखा वाटू लागला होता.

घाबरली ती सासू. तिनेच अर्कमहाराजांना बोलावून आणलं होतं.

महाराजांच्या खांद्याला पितळी पिचकारी होती आणि जिभेला हाड नव्हतं. "रोग म्हणजे काय? अतृप्त श्वास! डॉक्टर त्याला जंतू म्हणतात, आम्ही सावली म्हणतो. नाव वेगळं, बिऱ्हाड एकच! आणि जंतू कुणाला भितो? वनस्पतीच्या प्राणाला! लवंग, निलगिरी, गवती चहा... सहा पोत्यांचा जीव या एका बाटलीत उतरवलाय. विज्ञानाने सिद्ध झालेलं आहे!"

"कुठल्या विज्ञानाने?" नाक्यावरच्या न्हाव्याने विचारलं.

"सगळ्या!" महाराज गरजले. "सात पोती!"

"आत्ता सहा होती."

"गप रे मेल्या," सासू म्हणाली.

महाराजांनी पिचकारी मारली. लवंगेचा उग्र वास भपकन पसरला, लोकांचे डोळे चुरचुरले. "रडतोय तो," महाराज म्हणाले. "दार लावा. उद्या सकाळपर्यंत कुणी आत जाऊ नका."

सकाळी दार उघडलं, तर भिंत कोरी होती.

सगळी गल्ली हरखून गेली. घरोघरी बाटल्या आल्या. महाराजांनी सांगितलं, पिण्याच्या पाण्यात चार थेंब टाका, बस्स. उकळायचं नाही, उकळल्याने पाण्याचा प्राण जातो. चुलींना विश्रांती मिळाली. थोरला गेल्यापासून शिंपीण पाणी नेमाने उकळायची. सासूने ते पातेलं उचलून माळ्यावर टाकलं.

शिंपिणीला मात्र घर खायला उठलं. मशीन थांबवून ती कोऱ्या भिंतीकडे बघत बसायची. आपल्याच घरातून आपण त्याला हाकललं. कुठे गेला असेल? पाण्यात, कपड्यांत, उशीत तोच लवंगेचा वास, आणि त्या वासाखाली कुणीतरी दाराबाहेर ताटकळत उभं असल्याचा भास. एकदा तिने खरंच दार उघडून पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं.

मग तिच्या धाकट्या लेकीला, छोटीला, जुलाब सुरू झाले.

"तोच आलाय," सासू म्हणाली. "हाकलला ना त्याला? आता बहिणीला न्यायला आलाय."

महाराजांनी निरोप धाडला. संध्याकाळी येतो. चमचाभर अर्क पोटात गेला की सावली बाहेर!

दुपारी गुरुजी आले. निवृत्त झाल्यावरही ते गल्लीतली पोरं जमवून शिकवत. छोटी दिसली नाही म्हणून चौकशीला आले होते. मुलीचे खोल गेलेले डोळे पाहिले आणि ते खालीसुद्धा बसले नाहीत. "पाणी उकळून निववा. त्यात मीठ-साखर घालून घोट घोट पाजत राहा. मी डॉक्टरबाईंना आणतो."

"नको, गुरुजी," शिंपीण म्हणाली. "औषध दिलं तर तो आणखी चिडेल."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, पण ते रागावले नाहीत. "बरं. चिडला तर माझ्यावर चिडू दे. पाणी तरी पाजाल?"

तिने माळ्यावरून पातेलं काढलं. ते काढताना एक निळं कापड खाली पडलं. पिचकारी मारली त्या दिवशी ते मशीनवर होतं. गिऱ्हाइकाचं, सबंध निळं. आता त्यावर पांढरे ठिपके होते. ते निघेनात म्हणून तिने लपवून ठेवलं होतं.

"हे कशाने झालं?" गुरुजींनी विचारलं.

"महाराजांच्या तेलाने," ती म्हणाली आणि थबकली. ठिपक्यावरून तिने बोट फिरवलं. "पण गुरुजी, तेलाचा डाग काळपट पडतो. तेल रंग खात नाही."

"मग रंग काय खातं?"

विद्यार्थ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं आणि उत्तरासाठी थांबले. तिच्या कपाळावर आठी पडली. मग ती आठी हळूहळू सुटली.

संध्याकाळी महाराज चमचा घेऊन आले, मागोमाग गर्दी. शिंपीण दारात आडवी उभी राहिली. "आधी पिचकारी या चिंधीवर मारा."

"आई, हा खेळ नाही! अर्काचा कोप होईल!"

"माझ्या घरात आणखी कोप व्हायचा काय राहिलाय?" तिने पिचकारी हिसकावली आणि निळ्या चिंधीवर मारली. तशाच दुसऱ्या निळ्या चिंधीवर विकतच्या बाटलीतला अर्क ओतला.

लोक बघत राहिले. बाटलीच्या चिंधीवर तेलकट काळा डाग पसरला. पिचकारीच्या चिंधीवरचा निळा रंग आधी फिका पडला, मग पांढरा.

"ब्लीचिंग पावडरचं पाणी," गुरुजी म्हणाले. "वर लवंगेचा वास. भिंतीवर बुरशी होती. मागे पाण्याचा नळ गळतोय, हात लावून बघा. ब्लीचने तिचा काळा रंग घालवला. डोळे चुरचुरले तेही त्यानेच."

"म्हणजे लवंगतेल जंतू मारत नाही?" न्हाव्याने विचारलं.

"मारतं ना! ते नाकारू नका. जंतूला नीट भिडलं, पुरेसं असलं, तर काही जंतू मरतातही. पण पाण्यात काय होतं ते बघा." त्यांनी काचेच्या पेल्यातल्या पाण्यात बाटलीतल्या मिसळलेल्या तेलांचे चार थेंब टाकले. पोरं पुढे सरसावली. थेंब वर तरंगत राहिले, डोळे उघडे ठेवल्यासारखे.

"खाली जातच नाही!" एक मुलगी ओरडली.

"मग खालचे जंतू कोण मारणार? आणि चमचाभर पोटात गेलं तर लहान मुलाला विषच." गुरुजी महाराजांकडे वळले. "वा रे तुमचा कारभार! जे काम करत होतं ते लपवलंत, आणि नुसता वास विकलात."

"श्रद्धा नसेल तिथे अर्क रुसतो," महाराज पुटपुटले आणि गर्दीतून वाट काढू लागले. न्हावी म्हणाला, "महाराज, पोती राहिली!"

कुणी फार हसलं नाही. आत छोटी कण्हत होती.

गुरुजींनी दुपारीच बोलावलेल्या डॉक्टरबाई आल्या, त्यांनी सलाईन लावलं. पुढचे दोन दिवस शिंपिणीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी छोटीने पेज मागितली. सासूने ती स्वतःच्या हाताने भरवली, पण सुनेच्या नजरेला नजर दिली नाही.

गुरुजी पोरांना घेऊन भेटायला आले. शिंपिणीने चहा पुढे केला आणि भिंतीकडे पाहत हळूच विचारलं, "मग तो तिथे नव्हताच, गुरुजी?"

गुरुजींना हा प्रश्न कठीण गेला. "नव्हता," ते म्हणाले. "आणि म्हणूनच तुम्ही त्याला हाकललंही नाहीत. तो कुणावर चिडला नाही, कुणाला न्यायला आला नाही. पाणी खराब होतं, बाई. तेवढंच."

ती कितीतरी वेळ रडली. तो गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. पोरं भांबावली. गुरुजींनी त्यांना बाहेर अंगणात नेलं.

"ती का रडते?" पेल्यापाशी ओरडलेल्या मुलीने विचारलं.

"तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलंय म्हणून. बाळांनो, दुःख झालेल्या माणसाला कुणीही काहीही विकू शकतं. तेव्हा कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी विचारा, बाटलीत काय आहे? काम कसं करतं? आमच्यासमोर पुन्हा करून दाखवाल? खरं सांगणारा माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. आणि जो रागावेल, त्याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नका."