महानंदाचे पाच गुरुवार

चिकपेटेच्या बाजारातल्या दुकानात महानंदा एकोणीस वर्षं गिऱ्हाइकांना साड्या दाखवत होती. बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण लेक निधी लग्न होऊन नागपूरला गेली आणि दोन महिन्यांत महानंदा गप्पच झाली. पहाटे जाग यायची ती पुन्हा डोळा लागायचा नाही. दुकानाला दांड्या पडू लागल्या.

रक्तदाबाच्या गोळ्या आणायला ती येलहंक्यातल्या घराजवळच्या दवाखान्यात गेली, तेव्हा प्रेमा नावाच्या नर्सनं विचारलं, "अक्का, कशात मन लागत नाही, असं होतंय का?"

महानंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

प्रेमानं तिला शेजारच्या खोलीत श्यामलाकडे नेलं. श्यामला डॉक्टर नव्हती. माणसांना बोलतं करायचं शिक्षण घेतलेली, मूळची निपाणीकडची, मधूनच कानडी शब्द पेरणारी बाई. "पाच गुरुवार या. बोलू आपण," ती म्हणाली.

पहिल्या गुरुवारी ठरलं, पूर्वी आवडायचं असं एक काम रोज करायचं. महानंदानं शेजारच्या जमनाबाईंकडे गप्पा मारायला जायचं ठरवलं. दोन दिवस गेली, मग पाय उचलेना. दुसऱ्या गुरुवारी तिनं "जाते की रोज" म्हणून थाप मारली, आणि तिसऱ्या गुरुवारी तर दवाखान्याच्या फाटकातूनच मागं फिरली. संध्याकाळी श्यामलाचा फोन आला.

"मला नाही जमत हो," महानंदा म्हणाली. "मागच्या वेळी खोटं बोलले."

"राहू दे. जमनाबाईंकडे जाताना मनात काय येतं, ते स्वल्प सांगा."

महानंदा फोन घेऊन जिन्यात आली. मग म्हणाली, "माझी थोरली बहीण अशीच गप्प झाली होती. तीन वर्षं अंथरूण सुटलं नाही तिचं. आता माझीही तीच गत."

"त्यांच्याशी तेव्हा कुणी बोललं?"

"कोण बोलणार? अंगारे-धुपारे केले नुसते."

"तुम्ही लवकर आलात, अक्का. दुखणं अजून मुरलेलं नाही. मुरू नये म्हणून तर बोलायचं."

फोन ठेवून महानंदा जिन्याच्या पायरीवर बसली आणि पोटभर रडली. उठली तेव्हा अंग हलकं झालं होतं.

चौथ्या गुरुवारी त्यांनी काम सोपं केलं: जायला जमत नसेल, तर जमनाबाईंनाच घरी बोलवायचं. त्या आल्या, आणि दोन तास हलल्या नाहीत. पाचव्या गुरुवारी श्यामला म्हणाली, "सरी, ठीक आहे, आता महिन्यानं या. मध्ये जड वाटलं, तर लगेच."

बाहेर येऊन महानंदानं लेकीला फोन लावला.

"निधी, मधे मला बरं नव्हतं गं. मनानं."

"आई! मला सांगितलं का नाहीस?"

"सांगतेय ना आता," महानंदा म्हणाली, आणि सगळं सांगत दुकानात जायला बसस्टॉपकडे चालू लागली.