आगीत भाजलेली अंगाई

मी एक जुनी मातीची पाटी आहे, मित्रांनो, तुमच्या तळहातावर मावेन एवढी. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वी युफ्रेटिस नदीच्या गाळातून मी सिप्पार शहरातल्या लेखनशाळेत आले. हुशुतुमबाईंनी मला मळले, थापले आणि ओली असतानाच बोरूने माझ्यावर एक अंगाई टोचली.

अंगाई त्यांच्या आईची होती. म्हातारी बेलेसुनू एकेक शब्द विसरत चालली होती, आणि हुशुतुमबाईंच्या धाकट्या बहिणीला दिवस गेले होते. बाळ येईपर्यंत अंगाई टिकायची तर ती माझ्याच अंगावर.

शाळेच्या मुख्य तारिबातुमबाईंनी मला पाहिले. "देवांच्या नावांची यादी लिही म्हटलं, तर गाणी? संध्याकाळी भिजव हिला. माती काय आकाशातून पडते?"

आमच्याकडे सरावाच्या पाट्या हौदात भिजवून पुन्हा मळत.

"भिजवते हं, बाई," हुशुतुमबाई म्हणाल्या, आणि मला शाळेच्या तंदुरामागच्या उंच कोनाड्यात लपवले.

एका दुपारी तारिबातुमबाई त्याच तंदुरात जवाची भाकरी भाजता भाजता शेजारणीशी भांडत होत्या. ठिणगी छताच्या लव्हाळ्याच्या चटईला लागली. "पाणी आणा, आधी पाट्या वाचवा!" त्या ओरडल्या. सगळी गल्ली घागरी घेऊन धावली आणि पाट्या मांडलेल्या फळ्यांवर ओतू लागली. आम्ही तर नुसत्या उन्हात वाळलेल्या. माझ्या बहिणींचा पाहता पाहता चिखल झाला. माझ्या कोनाड्यापर्यंत मात्र कोणाचे पाणी पोचले नाही. मी संध्याकाळपर्यंत आगीत भाजत राहिले.

पुढे तारिबातुमबाई सांगू लागल्या, की शेजारच्या एलाम देशाचे पन्नास सैनिक आले आणि ग्रंथ जाळून गेले. महिन्याभरात सैनिक पाचशे झाले.

"भाकऱ्याही तेच भाजत होते का गं?" शेजारीण विचारायची. "वास तर तसाच होता."

हुशुतुमबाई मात्र तीन दिवस राख उपसत होत्या. मी सापडले ती विटेसारखी लाल, कडक होऊन. त्यांनी नखाने वाजवून पाहिले आणि तिथेच बसून रडल्या.

घरी त्यांनी आईला वाचून दाखवले. "चंद्र निजला, वारा निजला..."

"चंद्र कुठला? शेळी," म्हातारी म्हणाली. "शेळी निजली. लिहिताना लक्ष कुठं असतं गं तुझं?"

हुशुतुमबाईंनी थुंकी लावून अंगठा घासला. मी कसली पुसली जाते!

मग त्यांनी नवी माती मळली. म्हातारी तालात डोलत सांगत गेली आणि मध्येच हरवलेल्या दोन ओळीही तिला सापडल्या. बाळ आले तेव्हा अंगाईच्या तीन पाट्या झाल्या होत्या, तिन्ही वेगवेगळ्या घरांत.

मित्रांनो, आम्हाला कोणी जाळले याच्या गोष्टी लोक रंगवून सांगतात. काही खऱ्याही असतात. पण कोणी आमची नक्कलच उतरवून घेतली नाही म्हणून नाहीशा झालेल्या आम्ही कितीतरी जास्त. तेव्हा आवडलेले गाणे आजच उतरवून घ्या, आणि चूक काढणारे माणूस समोर आहे तोवर त्याला वाचून दाखवा.