पिंजऱ्याला हात लावायचा नाही

जुन्या कोर्टात हॉटेल काढायचं ज्या गृहस्थांच्या डोक्यात आलं, त्यांना आम्ही ऑफिसात थीमवाले म्हणायचो. तोंडावर साहेब, पाठीमागे थीमवाले. मेन्यू म्हणजे समन्स, बिल म्हणजे निकाल, वेटर काळ्या झग्यात आणि न्यायाधीशांच्या चौथऱ्यावर सरबतांचा बार. "मॅडम, लोक वेडे होतील!" म्हणाले. होतील कशाला, सुरुवात झालेली दिसतेय, असं मी म्हटलं. मनातल्या मनात, अर्थात. इंटिरिअरच्या धंद्यात ती कला येतेच.

तरी हे काम मी धावत जाऊन घेतलं. कारण याच दालनात माझ्या आईवडिलांची काडीमोडाची केस चालली होती. मी तान्ही, म्हणून आईकडे राहिले. दादा शाळेत जाणारा, त्याचं काय ते ठरायचं होतं. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून आईला वकिलानं विचारलं, "मुलाला खायला काय घालणार?" आणि तिची बोबडीच वळली. एक शब्द फुटला नाही. दादा वडिलांकडे गेला. हे सगळं मावशीनं सांगितलं. आईनं त्यावर कधी अवाक्षर काढलं नाही. दादा अजूनही आईला 'तुम्ही' म्हणतो. पोटचा मुलगा! कधीतरी येतो, खुर्चीच्या कडेवर टेकतो, 'तुमची तब्येत कशी आहे' विचारतो आणि अर्धा चहा तसाच टाकून जातो. तो कप आई लवकर विसळत नाही.

तर मला तो पिंजरा मोडायचा होता. आईच्या नजरेला पडायच्या आत त्याचं जळण करायचं होतं, बस्स.

पण वारसा समिती आडवी आली. इमारतीहून म्हातारे दिसणारे सभासद हातात बॅटऱ्या घेऊन दिवसभर हिंडले. व्हरांड्यातले लांबलचक बाक, ज्यांच्यावर तारखांची वाट बघत माणसांचे जन्म गेले, ते म्हणे 'नंतरची भर'. टाका फेकून! भिंतींचा चुन्याचा गिलावा मात्र जपायचा. थीमवाल्यांना हव्या होत्या उघड्या विटा. गिलावा खरवडता येईना, तेव्हा या गृहस्थांनी काय करावं? गिलाव्यावर विटांच्या चित्राचा वॉलपेपर चिकटवला. आत खऱ्या विटा, त्यावर खरा गिलावा आणि त्यावर छापील विटा! मी कपाळाला हात लावला. समितीनं मात्र मान डोलावली, कारण कागद काय, कधीही सोलून काढता येतो.

शेवटी मंडळी पिंजऱ्यापाशी आली. अध्यक्षांनी कठड्यावरून हात फिरवला. "मूळचं सागवान. याला हात लावायचा नाही."

मी किती डोकं आपटलं! वेटर अडखळतील म्हटलं, आग लागली तर वाट अडेल म्हटलं, पिंजऱ्याविना नकाशा काढून दाखवला. अध्यक्ष माझ्याकडे बघून गोड हसले. "बाई, इतिहासाबद्दल जरा जिव्हाळा असू द्या."

तिडीक गेली माझ्या डोक्यात. इतिहास म्हणे! माझ्या घरातली गोष्ट, आणि जिव्हाळा हा मला शिकवणार.

थीमवाले तर नाचायचेच बाकी होते. त्यांनी लगेच खेळ काढला: पाहुण्यानं पिंजऱ्यात उभं राहायचं, काहीही मागणं मागायचं, आणि यांनी झगा घालून लाकडी हातोडा आपटून म्हणायचं, "मंजूर!" मग आइस्क्रीम फुकट. एवढ्यासाठी माणसाला आईबापांनी शिकवायचं!

घरी मी यातलं काही बोलले नव्हते. पण उद्घाटनाचं आमंत्रण या थीमवाल्या शहाण्यानं परस्पर आईला फोन करून दिलं.

"जाऊ या," आई म्हणाली.

"तिथलं जेवण तुला पचणार नाही."

"मला काय धाड भरलीय न पचायला?"

"आई, ते तेच कोर्ट आहे गं."

"ठाऊक आहे. तू काम घेतलंस तेव्हाच मावशीकडून कळलं. ती जागा मी विसरेन होय?"

नेलं तिला.

दालन खच्चून भरलेलं. पिंजऱ्यापुढे ही रांग! कोणी बढती मागत होतं, कोणी नवरा बदलून. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळत होती. आई जेवता जेवता उठली आणि नीट जाऊन रांगेत उभी राहिली. "आई, बस खाली, चल, घरी जाऊ," मी तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला. पायरी चढली.

"बोला आजी!" थीमवाले गरजले. "कोर्टापुढे काय मागणं?"

तिनं दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरला. ओठ हलले, आवाज नाही. झालं, पुन्हा तेच, मी मनात म्हटलं आणि माणसं ढकलत पुढे घुसले.

"मुलगा माझ्याकडे राहील," आई म्हणाली. "मी लोकांचे कपडे शिवीन. त्याला पोटभर घालीन. मला जमेल. तो माझ्याकडेच राहील."

मग मागून कोणीतरी ओरडलं, "काय ॲक्टिंग करतात आजी!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

थीमवाल्यांनी हातोडा आपटला. "मंजूर!"

आई खाली उतरली. हातात कोणीतरी आइस्क्रीमची वाटी कोंबली होती, तिच्याकडे तिचं लक्षच नव्हतं. चेहरा लालबुंद झालेला. मी तोंडाला येईल ते त्या गाढवाला सुनवायला वळले होते, पण तिनं माझं मनगट धरलं.

"ऐकलंस ना? आले बाई शब्द," ती म्हणाली. "दादाला फोन लाव."

"आत्ता? इथून?"

"लाव म्हणते ना!"

मी लावला. पलीकडून दादा म्हणाला, "बोल, काय काम होतं?" मी तोंड उघडायच्या आत आईनं फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"अरे, मी बोलतेय," ती म्हणाली.