मास्तरांच्या आतड्यातला जुना रहिवासी

मी एक जुना जंतू आहे. मुरडलंत नाक? वाटलंच मला. जंतू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे साबणाच्या जाहिरातीतलं दात विचकणारं हिरवं ध्यान येतं. मित्रांनो, ते माझं चित्र नव्हे. मी मास्तरांच्या मोठ्या आतड्यात राहणारा, आपण बरं नि आपलं काम बरं अशा स्वभावाचा साधा जीव आहे. पण सध्या मी भयंकर संतापलो आहे आणि ही हकिगत मी संतापातच सांगणार आहे. गोडगोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक मास्तरांच्या. शिकणारा भांबावला की मास्तर "क्लच! अहो, क्लच दाबा!" असं ओरडतात, पण त्याआधीच त्यांचा स्वतःचा पाय खाली गेलेला असतो. त्यांच्या पत्नी रस्त्यालगतच्या छोट्या कचेरीत बसतात, फोन घेतात आणि कुणाला कधी गाडी द्यायची ते ठरवतात. तुम्ही विचाराल, आत बसून तुला बाहेरचं कसं कळतं? अहो, पोटाला सगळं कळतं. मास्तरांना धसका बसला की तो आधी आमच्याकडे येऊन पोचतो.

मी इथे आलो तेव्हा मास्तर रांगत होते. त्यांच्या आईनं डाळीचा घास बोटांनी कुस्करून भरवला, त्या घासाबरोबर मी आत उतरलो. आमच्यात म्हातारपण नसतं. मी मधोमध दुभंगतो आणि दोन्हीकडे मीच असतो. म्हणून मी 'मी' म्हणतो तेव्हा माझं अख्खं घराणं समजा.

आमचं काम ऐका. धान्याचा कोंडा, डाळींची सालं, भाज्यांचे दोरे हे काही तुम्हाला पचत नाही. ते सगळं खाली आमच्याकडे येतं. आम्ही ते आंबवतो, आणि त्यातून जे आम्ल तयार होतं त्यावर आतड्याच्या भिंतीतल्या पेशी जगतात. त्या भिंतीवर एक बुळबुळीत थर असतो. तो शाबूत असला की आम्ही आमच्या जागी आणि तुमचं रक्त तुमच्या जागी राहतं. भिंतीपलीकडे तुमच्या शरीराच्या रक्षक पेशींची मोठी छावणी आहे. कुणावर तुटून पडायचं आणि कुणाला सोडून द्यायचं, हे त्या बऱ्याच अंशी आमच्या सहवासात शिकतात. इतकं करून कुणी कधी "शाब्बास" म्हणालं? नाव नको.

मास्तर आईच्या हातचं खात होते तोवर आमची चंगळ होती. मास्तरांनी गाडी घेतली आणि आमचे दिवस फिरले. एक शिकणारा उतरतो, दुसरा चढतो, मधल्या वेळात मास्तर जे हाताला लागेल ते तोंडात टाकतात. मैद्याची बिस्किटं, तळलेल्या चकत्यांची पाकिटं, वरून फसफसणारं साखरेचं पाणी. घरी पत्नी पालेभाजी वाढायच्या तर हे ताटाच्या कडेला सारायचे. "मी काय गुरं आहे का, पाला खायला?" असं म्हणायचे, आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसायचे. इकडे आमची उपासमार चाललेली! माझ्या शेजारची किती तरी घराणी त्या वर्षांत मेली, ती पुन्हा कधी दिसली नाहीत. उरलेल्यांतले काही भिंतीवरचा तो बुळबुळीत थरच खायला लागले. मी त्यांना शिव्या घातल्या, पण पोटाला चिमटा बसला की कोण काय करील याचा नेम नसतो.

आणि याच्या जोडीला ताई! ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, राहायला पलीकडच्याच गल्लीत. भावावर जीव ओवाळून टाकणारी बाई, यात शंका नाही. पण त्यांना एकच वेड. डोकं दुखलं? पोट साफ नाही. झोप येत नाही? पोट साफ नाही. शिकणाऱ्यानं गाडी भिंतीवर घातली तरी ताई म्हणणार, त्याचं पोट साफ नसेल. मग त्या कसलंसं चूर्ण आणायच्या आणि आमच्यावर पूर यायचा. साफ म्हणे! अरे, ज्याला घाण समजून धुऊन काढताय, ते आमचं घरदार आहे.

एके दिवशी मास्तरांच्या तळपायावर, ब्रेक दाबणाऱ्या पायाच्या चवड्यावर, काळा डाग दिसला. मास्तर म्हणाले, घट्टा असेल, आयुष्यभर ब्रेक दाबतोय. ताई म्हणाल्या, रक्तात उष्णता साठलीय, पोट साफ कर. डाग वाढत गेला आणि मास्तर चूर्ण घेत राहिले. शेवटी त्यातून रक्त येऊन मोजा भिजला, तेव्हा पत्नीनं त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. निघाला कॅन्सर. डाग कापून काढला, पायाची जखम भरली, पण तोवर कॅन्सर जांघेतल्या गाठींपर्यंत चढला होता.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई शांतपणे बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हे औषध गाठीला थेट मारत नाही. तुमच्या शरीरातल्या रक्षक पेशींना गाठ फसवते आहे. औषध त्या पेशींचे डोळे उघडतं, मग पुढचं काम त्या करतात."

"मग मी काय करायचं?" मास्तरांनी विचारलं.

"जेवण सुधारायचं. डाळी, भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य. पोटातल्या जंतूंचा या उपचारात हात असावा, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतंय. ज्यांच्या पोटात तऱ्हेतऱ्हेचे जंतू आहेत, त्यांच्यात औषध जास्त वेळा लागू पडलेलं दिसतं. अजून पक्कं कुणी सांगू शकत नाही, पण आहेत ते जंतू जपा. मला विचारल्याशिवाय अँटिबायोटिक घ्यायचं नाही. जंतूंच्या कॅप्सूल बाजारात मिळतात, त्याही आपल्या मनानं नकोत. आणि हे नीट ऐका. जुलाब लागले तर त्याच दिवशी मला फोन करायचा. जागे झालेले रक्षक कधी कधी आतड्यावरच उलटतात. लवकर कळलं तर आवरता येतं."

मित्रांनो, त्या दिवशी मला काय वाटलं म्हणून सांगू! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, यांना जपा. दुसऱ्याच दिवसापासून वरून डाळ येऊ लागली, गाजर आलं, घेवडा आला. मास्तर कुरकुरत का होईना, पण खात होते.

आणि त्या औषधाचं पहिलं सलाईन लागायच्या आधी मास्तरांचा घसा धरला.

ताईंकडे एक डबा आहे. घरातल्या यच्चयावत माणसांच्या उरलेल्या गोळ्या त्यात जमा होतात. कुणी बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडलेल्या, कुणी विसरलेल्या. चांगलं औषध टाकवत नाही बाई, असं त्यांचं म्हणणं. त्या डब्यासकट हजर झाल्या.

"अरे, असा घसा घेऊन तू इस्पितळात जाणार? ते तुला परत पाठवतील. घे या. माझ्या दाढेच्या वेळच्या उरल्यात."

"अगं ताई, डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"त्यांना सांगायला काय जातंय? मी तुला लहानपणापासून बघतेय. घे मुकाट्यानं."

मास्तरांनी घेतल्या, मुकाट्यानं. पत्नी कचेरीत होत्या. घसा मोकळा झाल्यावर उरलेल्या गोळ्या पुन्हा डब्यात गेल्या, पुढच्या कुणाच्या तरी पोटाचं वाटोळं करायला. इकडे काय झालं ते कसं सांगू? त्या गोळीनं कोण आपला, कोण परका, काही पाहिलं नाही. पिढ्यान् पिढ्या या आतड्यात राबलेली माणसं, हो, मी त्यांना माणसंच म्हणणार, एका झटक्यात गेली. मी अपेंडिक्सच्या बोळात अडकून पडलो होतो म्हणून वाचलो. बाहेर आलो तर सगळीकडे शुकशुकाट.

सलाईनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मध्ये काही औषध घेतलंत का? अँटिबायोटिक वगैरे?"

शेजारी ताई बसल्या होत्या. मास्तरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "छे, छे. काही नाही."

बहिणीची लाज राखली हो! डॉक्टरांसमोर ताईंना ओशाळं वाटायला नको! मी आत ओरडून ओरडून थकलो, पण माझं ओरडणं म्हणजे तुमच्या लेखी पोटातली गुडगुड. पत्नीला ती ऐकू आली, तर त्यांनी विचारलं, "भूक लागली का?"

तरीही औषध लागू पडलं. आम्हा उरल्यासुरल्यांच्या मदतीनं म्हणा की नुसत्या नशिबानं म्हणा, ते मला सांगता येणार नाही. जांघेतल्या गाठी लहान झाल्या. तपासणीचा निकाल कळला त्या दिवशी पत्नी म्हणे कचेरीचं शटर अर्धं ओढून आत एकट्याच रडल्या, आणि मास्तर गाडीत एका शिकणाऱ्यावर अजिबात ओरडले नाहीत. तो बिचारा घाबरला, म्हणाला, "मास्तर, तुम्हाला बरं नाही का?"

मग जुलाब लागले. मला ते आधीच दिसत होतं. भिंत लाल झाली होती, बुळबुळीत थर जागोजागी फाटला होता, आणि रक्षक पेशी आम्हाला, भिंतीला, सगळ्यांनाच शत्रू समजत होत्या. हे गोळ्यांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही. पण फोन करायचा होता! त्याच दिवशी! इतकं स्वच्छ सांगितलं होतं!

मास्तरांनी फोन केला नाही. त्यांनी ताईंना सांगितलं.

"बघ!" ताई खूश झाल्या. "आतली सगळी घाण निघतेय. औषध काम करतंय तुझं."

"पण फोन करायला सांगितलंय त्यांनी."

"केलास की त्या औषध बंद करतील. आत्ता कुठे गाठ उतरायला लागलीय."

खरं सांगायचं तर मास्तरांच्या पोटात हीच भीती होती. ताईंनी फक्त ती बोलून दाखवली. मास्तर जुलाब थांबवायच्या गोळ्या खाऊन गाडीत बसू लागले. पेट्रोल पंप दिसला की शिकणाऱ्याला म्हणायचे, "घ्या बाजूला, गाडी उभी करायचा सराव करू." असा सराव आमच्या गावात आजवर कुणी केला नसेल. हसू नका! तेव्हा रक्त पडत होतं.

पत्नीला कळलं ते, त्यांनीच पुढे सांगितलं, गाडी शिकायला येणाऱ्या एका बाईंकडून. त्या कचेरीत येऊन म्हणाल्या, "वहिनी, मास्तर सारखे पंपावर उतरतात. चेहरा पांढराफटक पडलाय हो त्यांचा." पत्नीनं तिथल्या तिथे कचेरी बंद केली आणि घर गाठलं. मास्तर पोट धरून वळकटीसारखे पडले होते आणि ताई उशाशी बसून त्यांना सरबत पाजत होत्या.

"किती दिवस झाले?" पत्नीनं विचारलं.

"अगं, काही नाही. पोट साफ होतंय त्याचं," ताई म्हणाल्या.

"वन्सं, तुम्ही गप्प बसा!" मास्तरांच्या घरात हा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. मी तर नाहीच. "अहो, मी तुम्हाला विचारतेय. किती दिवस?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. घशाच्या गोळ्यांचंही सांगितलं. पत्नीनं ऐकता ऐकताच इस्पितळाला फोन लावला.

ताई रडायला लागल्या. "मी काय वैरीण आहे का गं त्याची?"

"नाही वन्सं. वैरीण असतात तर त्यांनी तुमचं ऐकलं नसतं."

इस्पितळात आतडं फाटता फाटता वाचलं. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तयारीत उभे होते. जबर औषधं देऊन रक्षक पेशींना आवरलं. मास्तर वाचले, मीही वाचलो. बरे होऊन ते डॉक्टरीणबाईंसमोर बसले तेव्हा त्यांचे कपडे अंगावर लोंबत होते.

"आता पुढचं सलाईन कधी?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे औषध तुम्हाला आता पुन्हा देता येणार नाही. आतड्याला इतकी इजा झाल्यावर नाहीच."

"पण गाठ कमी होत होती."

"हो. होत होती."

"दुसरं काही?"

"आहेत औषधं. आपण देणार आहोत. पण तुमच्यासाठी याच्याइतकं चांगलं नाही."

मास्तरांनी ब्रेकचा पाय जमिनीवर दाबला. मग म्हणाले, "मी पहिल्या दिवशी फोन केला असता तर?"

डॉक्टरीणबाईंनी उत्तर टाळलं नाही. "तर थोडे दिवस थांबलो असतो, आणि बहुधा पुन्हा सुरू करता आलं असतं."

मास्तरांनी मान खाली घातली. ताई दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. आत यायची त्यांची हिंमत झाली नाही.

आता सांगा, मित्रांनो, मी चिडू नको तर काय करू? कॅन्सरवर चिडण्यात अर्थ नाही, त्याला काय कळतंय! मी चिडलोय ते मायेच्या माणसांवर, ज्यांनी सांगायची गोष्ट लपवली. मास्तर आता डाळी, भाज्या, सालीसकट फळं सगळं खातात, पाल्याला नावं ठेवत नाहीत. आम्ही जे उरलोय ते पुन्हा कामाला लागलोय. भिंत आम्ही धरून ठेवू. पण गेलेलं औषध आम्हाला परत आणता येणार नाही.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्या ताटातलं थोडं आमच्यापर्यंत येऊ द्या, दुसऱ्याच्या उरलेल्या गोळ्या गिळू नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरातलं मोठं माणूस डॉक्टरांसमोर "छे, छे, काही नाही" म्हणालं, आणि तुम्हाला खरं माहीत असलं, तर तिथंच बोला. लोक डोळे वटारतील, "मोठ्यांच्या मध्ये बोलू नये" म्हणतील, घरी गेल्यावर रागावतील. रागावू देत. मी आत होतो, मला सगळं माहीत होतं, आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे.