आजोबा थंड पडले

घट्ट कच्चं तेल म्हणजे महा हट्टी प्रकार. जरा गारठा पडला की टाकीत जे ठाण मांडतं ते ढिम्म हलत नाही; वाफेने शेकावं, मिनतवाऱ्या कराव्यात, तेव्हा कुठे कुरकुरत वॅगनीत उतरतं. म्हणून तेल भरायच्या रेल्वे यार्डातले सगळे त्याला 'आजोबा' म्हणायचे. नाव पाडलं होतं मावशींनीच. मावशी म्हणजे यार्डाच्या मुख्य, आणि असलेच एक हट्टी आजोबा, म्हणजे त्यांचे ऐंशी पार केलेले वडील, त्यांच्या घरीही होते.

आता हे तेल आगगाडीऐवजी पाइपातून न्यायचं खूळ निघालं होतं, आणि ते घेऊन आला होता कोण, तर मावशींचा सख्खा जावई. पाइपवाल्या कंपनीत इंजिनियर. घट्ट तेलात पातळ तेल मिसळलं की पाइपातून सुरळीत वाहतं, असं त्याचं म्हणणं.

"म्हणजे दुधात पाणी," मावशी म्हणायच्या. "आमच्या वॅगनीत निखळ जातं."

जावई हसून सोडून द्यायचा. स्वभावाने गरीब, हीच तर पंचाईत. त्याच्याशी धड भांडताही येत नव्हतं. पण पाइप आला की यार्डाला टाळं, हे साऱ्यांना ठाऊक होतं.

त्या सकाळी तेल कंपनीचे मोठे साहेब दोघांचं ऐकून पाइप की आगगाडी याचा निकाल लावणार होते. जावई मावशींच्या खोलीत कागद लावत बसला होता. तेवढ्यात बॉयलरवाला दारात येऊन म्हणाला, "मावशी, आजोबा थंड पडले. काही केल्या हलत नाहीत."

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला.

मावशींच्या लगेच ध्यानात आलं. एका वाक्यात गैरसमज दूर झाला असता. पण जिभेवर आलेलं ते वाक्य त्यांनी गिळलं.

"वाफ दिली का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"दिली, पण उशीर झाला."

"चालायचंच. सकाळपासून लक्षण काही ठीक नव्हतं."

यात खोटं एक अक्षर नव्हतं, बरं का. "आई, मी पुढे होतो, तुम्ही या," म्हणत जावई कागद तिथेच टाकून धावला. घरी फोन लावेल, ओशाळेल, परत येईल, असा मावशींचा होरा होता. पण आजोबांना ऐकू कमी, ते फोन उचलायचेच नाहीत. साहेब आले, पाइपवाल्यांचा माणूस कुठे म्हणाले. "घरी गेलेत, आजोबांना बघायला," मावशींनी सांगितलं. साहेबांना घाई. त्यांनी मावशींचं तेवढं ऐकलं आणि निकाल आगगाडीच्या बाजूने दिला.

मावशी तरंगतच घरी आल्या. दारात चपलांचा ढीग होता. जावयाने वाटेतूनच साऱ्या गोतावळ्याला कळवलं होतं. भाऊ, वहिन्या, चुलत, मावस, सगळे डोळे पुसून आता गप्पा हाणत होते आणि मधोमध आजोबा, ठणठणीत, भलतेच खूश. एवढी माणसं त्यांना भेटायला कैक दिवसांत आली नव्हती.

"ये," ते म्हणाले. "बाप गेल्याचं कळलं, आणि तू मीटिंग उरकून आलीस होय?"

सगळे मावशींकडे बघू लागले. बाप गेला तरी जागची न हललेली लेक व्हायचं, की जावयाला गंडवणारी सासू? तिसरी वाट नव्हती.

"तेल थंड पडलं होतं, बाबा," त्या म्हणाल्या. "यार्डात आम्ही तेलालाच आजोबा म्हणतो. मला माहीत होतं. जावयांची चुकीची समजूत झाली, ती मी होऊ दिली."

भाऊ खो खो हसला. कुणीतरी कानाशी ओरडून सांगितल्यावर आजोबाही हसले. जावई हसला नाही, चिडलाही नाही.

"मला वाटलं, वडील गेले आणि आईंना रडायलाही सवड नाही," तो म्हणाला. "वाटभर मला तुमचंच वाईट वाटत होतं."

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मावशींनी सगळ्यांदेखत साहेबांना फोन लावला. "निकाल थांबवा, साहेब. तुम्ही एकाच बाजूचं ऐकलंय, आणि ती करामत माझी. उद्या जावयांचं ऐका."

पलीकडून जी बोलणी बसली ती घरभर ऐकू गेली. फोन ठेवून मावशी जावयाशेजारी बसल्या, पण मान वर करून त्याच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.