बोटभर खाली

पहिल्या चित्रावर दौत कलंडली नसती, तर बाई त्या कोपऱ्यावर परत आल्याच नसत्या.

भूमापन कार्यालयात चौतीस वर्षं नकाशे काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. रिकामं बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं, म्हणून जुन्या बाजारपेठेतल्या बावीस इमारती शाईने काढायच्या असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. टाक, दौत आणि जाड कागद. शाईला माफी नसते, असं त्या म्हणत, आणि म्हणताना त्यांना जरा बरंही वाटे. पेठेतले लोक त्यांना 'शाईवाल्या बाई' म्हणत आणि घडीचं स्टूल दिसलं की हातगाड्या आपणहून थोड्या बाजूला घेत.

कोपऱ्यावरची इमारत आठवी. खाली दिव्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर टेलरमास्तरांचा कारखाना, त्यावर छापखान्याचं, कायम कुलूप लावलेलं कागदाचं गोदाम. पहिल्या मजल्याला लाकडी सज्जा होता, लोखंडी वेलबुट्टीच्या आधारांवर पेललेला. चित्र बिघडल्यावर एकोणीस दिवसांनी, मंगळवारी सकाळी, बाई औषधांच्या दुकानासमोर त्याच जागी बसल्या. तिथे रस्त्यात पाण्याच्या नळाचं चौकोनी झाकण होतं आणि स्टुलाचे मागचे पाय त्या झाकणाच्या कडेला टेकवायचे, हे त्यांचं ठरलेलं होतं. जागा बदलली की नजर बदलते.

शेजारच्या इमारतीची कंगणी, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली आडवी कड, आणि या इमारतीचा सज्जा एका रेषेत येतात, हे मागच्या वेळी त्यांच्या लक्षात आलं होतं. टाक न उचलता त्यांनी दोन्ही इमारतींवरून एकच रेघ ओढली होती आणि दिवसभर स्वतःवर खूश होत्या. आजही त्यांनी तशीच रेघ घेतली. कंगणीवरून टाक कोपऱ्यापर्यंत गेला आणि त्यांनी मान वर केली. सज्जा रेघेखाली होता.

एक डोळा मिटून, हात ताठ धरून त्यांनी टाकाच्या दांडीने पुन्हा मापलं. चित्रात बोटभर म्हणावं इतका फरक. खराब झालेलं चित्र पिशवीतच होतं. शाईचा डाग खालच्या अर्ध्या भागावर होता, वरचं सगळं शाबूत. दोन्ही कागद मांडीवर ठेवून त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग टाक पुसून ठेवला.

भावाला फोन करायला त्यांचा हात धजेना, आणि त्याला कारण होतं. धाकटा भाऊ इमारतींची तपासणी करणारा इंजिनियर, आणि या इमारतीला 'वापरास योग्य' असा दाखला तीन महिन्यांपूर्वी त्यानेच दिला होता. आई गेल्यावर त्याला बाईंनी वाढवलं होतं, सरळ रेघ काढायलाही त्यांनीच शिकवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तरी त्यांनी फोन केला.

"ताई, डोळ्याचं ऑपरेशन होऊन किती दिवस झाले?" त्याने सगळं ऐकून घेऊन विचारलं.

"पाच आठवडे."

"नवा चष्मा आला?"

"यायचाय."

"मग झालं तर. अगं, शंभर वर्षांची इमारत आहे ती. तुझ्या चित्रावरून मी बारा माणसांचा कारखाना बंद करू? लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"तू दिव्यांच्या दुकानात आत जाऊन बघितलं होतंस ना?"

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. "सगळं बघितलंय," तो म्हणाला. "तू उन्हात बसू नकोस." आणि फोन ठेवला.

तो क्षणभराचा थांबा बाईंनी ओळखला. रागावला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. धाकटा खोटं बोलायच्या आधी लहानपणापासून असाच थांबायचा.

पण डोळ्याचं तरी कुठे खोटं होतं? कधी कधी त्यांना दिव्याभोवती कडं दिसे. आपली नजरच फसवत असेल तर साप साप म्हणून भुई धोपटल्यासारखं व्हायचं. तेव्हा आपल्या डोळ्यांची साक्षच नको, असं त्यांनी ठरवलं. फ्रेमवाल्याकडून हातभर काचेची एक अरुंद पट्टी घेतली, रंगाच्या दुकानातून वाटीभर प्लास्टर घेतलं आणि लाकडी जिना चढून त्या टेलरमास्तरांकडे गेल्या.

मास्तर साठीचे, गळ्यात टेप, कानावर खडू. त्यांच्याकडे अकरा बायका शिवणकाम करत. बाईंचं बोलणं ऐकून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सज्जा खाली आलाय? बाई, आता या वयात माझं पोटसुद्धा खाली आलंय. त्याला कोण काय करणार?"

बायका हसल्या. बाईंनाही हसू आलं. पण कोपऱ्याजवळच्या मशीनवरची एकजण हसली नाही. "मास्तर," ती म्हणाली, "मागच्या खोलीचं दार गेल्या आठवड्यापासून अडकतंय. तुम्ही दोनदा रंधा मारलात."

"लाकूड फुगतं."

"या कोरड्या हवेत?"

मास्तर उठले आणि बाईंना मागे घेऊन गेले. मागच्या खोलीत दाराच्या चौकटीपासून छतापर्यंत एक तिरपी भेग गेली होती. केसापेक्षा जाड, पण सुतळीपेक्षा बारीक. बाईंनी भेगेवर काच आडवी धरून दोन्ही टोकं प्लास्टरने भिंतीला बसवली. भूमापनात असताना गवंड्यांनी शिकवलेली युक्ती. भिंत हलली तर काच तडकते. काचेला कुणाची भीड नसते. पट्टीखाली त्यांनी शाईने तारीख आणि वेळ लिहिली.

बुधवारी सकाळी नऊ वाजता मास्तरांचाच फोन आला. आवाजातली थट्टा पार गेली होती. "बाई, ती काच मोडलीय. दोन तुकडे झालेत, आणि मधून माझं नख जातंय."

बाईंनी भावाला फोनवर एवढंच सांगितलं, "मी त्या इमारतीत चाललेय. वर जाऊन बसणार आहे. तुला यायचं तर ये." त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही.

वीस मिनिटांत भाऊ आला. रागाने लाल झाला होता. बाई खाली, दिव्यांच्या दुकानाच्या दारातच उभ्या होत्या. दुकान दिमाखदार होतं. छताला काचेची झुंबरं टांगलेली, आणि मागची सगळी बाजू चकचकीत प्लायवूडने झाकलेली.

"ताई, तू माझ्याच कामात..."

"भेगेवर लावलेली काच मोडलीय, वर जाऊन बघ. पण आधी हे प्लायवूड काढ."

गल्ल्यावरचा दिवेवाला उठून उभा राहिला. "कशाला काढायचं? फर्निचर आहे ते. साहेबांनी मागे पाहणी केली तेव्हा काही म्हटलं नव्हतं."

भावाचा चेहरा पडला. तो दिवेवाल्याकडे पाहत होता, बहिणीकडे पाहायचं टाळत होता. आणि तेवढ्यात दुकानात बारीक किणकिण झाली. कुणी झुंबराला हात लावला नव्हता, पंखा बंद होता. एका झुंबराचे लोलक हलले, थांबले, मग शेजारच्याचे हलले.

तिघंही वर बघत राहिले.

"स्क्रू-ड्रायव्हर द्या," भाऊ म्हणाला. दिवेवाल्याने गल्ल्यातून काढून दिला.

तिसरी फळी निघाली तेव्हा आतलं दिसलं. जिथे दोन हात रुंद दगडी खांब असायला हवा होता, तिथे तो कमरेपासून वर तोडलेला होता. तोडलेल्या जागी एक लोखंडी पाईप उभा केला होता. पाईप मधोमध वाकला होता, उसाच्या कांडीसारखा.

"शोकेस बसत नव्हतं," दिवेवाला पुटपुटला. "मिस्त्री म्हणाला, पाईप पुरेल."

भावाच्या कपाळावर घाम आला होता, पण आवाज एकदम शांत झाला. बाईंना तो आवाज नवा होता. "ताई, वर जा. सगळ्यांना खाली आण. एका वेळी एकच जण जिन्यावर. कुणी धावायचं नाही, कुणी काही उचलायचं नाही. आणि तुम्ही," तो दिवेवाल्याला म्हणाला, "बाहेर जाऊन अग्निशमनला फोन करा आणि रस्ता अडवा. आत्ता."

"आणि तू?"

"मी हा पाईप बघत इथे उभा राहतो. हलला तर ओरडेन."

बाई जिना चढल्या. प्रत्येक पायरीवर आपलं वजन त्यांना जाणवत होतं. वर जाऊन त्यांनी हळू आवाजात सांगितलं. बायकांच्या काळजाचं पाणी झालं होतं, पण बाई ओरडल्या नाहीत म्हणून त्याही ओरडल्या नाहीत. एकेक जण उतरू लागली. एक, दोन, तीन. खालून किणकिण ऐकू येत होती, आता थांबता थांबत नव्हती. सातवीचे पाय जिन्याच्या मध्यावर थबकले. बाईंनी वरूनच सांगितलं, "कठडा धर बाळ, आणि पायऱ्या मोज. सोळा आहेत." ती मोठ्याने मोजत उतरली.

अकरावी उतरली तरी मास्तर जागचे हलेनात. कापून ठेवलेल्या कापडाच्या ढिगावर हात ठेवून उभे होते. "पंधरा जणांची मापं आहेत यात," ते म्हणाले. "लोकांना काय सांगू?"

"मापं परत घेता येतात, मास्तर. चला."

"तुम्ही आधी."

"मी तुमच्यापेक्षा हट्टी आहे. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केलीय."

मास्तरांनी एक उसासा टाकला आणि उतरले. बाई सगळ्यात शेवटी. खाली येऊन त्यांनी दुकानात डोकावलं. भाऊ पाईपापासून दोन हातांवर उभा होता, पांढराफटक.

"झाले सगळे?"

"सगळे. चल आता."

तो पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत बाहेर आला. रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानापर्यंत पोचल्यावर बाईंनी त्याचं मनगट पकडलं. त्यांच्या बोटांना त्याची नाडी लागत होती.

पाऊण तासाने, अग्निशमनची माणसं लाकडी टेकू उतरवत असताना, कोपरा गेला. आधी सज्जा सरकला, अगदी सावकाश, जणू कुणी तो खाली ठेवत होतं. मग कागदाच्या गठ्ठ्यांसकट वरचा मजला त्यावर आला. धूळ बसली तेव्हा अर्धी इमारत उभी होती आणि मास्तरांची एक मशीन तुटलेल्या जमिनीच्या कडेवर तशीच होती. कुणाला खरचटलंही नाही. मास्तर फुटपाथवर खाली बसले आणि टेप गळ्यातून काढून बोटांना गुंडाळत राहिले.

चौकशी दोन महिने चालली. दोन्ही चित्रं कागदपत्रांत घेतली गेली. साक्षीच्या आदल्या संध्याकाळी बाईंच्या भावजयीचा फोन आला. "ताई, त्यांनी दुकानाची आतून पाहणी केली नव्हती, हे तुम्ही उद्या सांगणार?"

"विचारलं तर सांगेन."

"सख्खा भाऊ आहे तुमचा."

"म्हणूनच तर जीव तुटतो गं," बाई म्हणाल्या. भावजयीने फोन ठेवला.

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. सकाळी चौकशीच्या खोलीत त्या गेल्या, तर भावाने आपला जबाब आधीच सुरू केला होता. कागदात न बघता, खाली मान घालून तो सांगत होता: त्या दिवशी पाच इमारती बघायच्या होत्या, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं, दिवेवाल्याने चहा दिला, प्लायवूड काढायला सांगायचा कंटाळा आला. सही माझी आहे. बाईंना कुणी काही विचारलं नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं.

दिवेवाल्यावर खटला भरला. भावाचा परवाना दोन वर्षांसाठी गेला. भावजय बाईंशी बोलेनाशी झाली, आणि बाईंनी तिला दोष दिला नाही.

महिनाभराने एका दुपारी भाऊ एकटाच घरी आला. जेवलास का, असं बाईंनी विचारलं, तर नाही म्हणाला. त्यांनी पान वाढलं. तो मुकाट्याने जेवला, ताट स्वतः घासून ठेवलं आणि हात पुसत म्हणाला, "तू फोन केलास ना मंगळवारी. मला तेव्हाच कळलं होतं, ताई. तुझा डोळा बरोबर आहे हे मला ठाऊक होतं."

बाईंना ते माहीत होतं. त्यांनी त्याला आणखी थोडा भात हवा का, असं विचारलं, आणि तो म्हणाला, हो, थोडा हवा.