शेवटपर्यंत टिकेल त्याचं नाव

दुपारी सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि सुनेच्या ऑफिसातली मुंगी त्यांच्यासमोर जमिनीवर मोबाइलचा कॅमेरा रोखून बसली होती.

"आजी, परत एकदा उठा ना."

"अगं, किती वेळा? माझ्या गुडघ्यांचा नुसता तमाशा चाललाय!"

तरी त्या उठल्या. आधी दोन्ही हात मांड्यांवर, मग कुणी बघत नाही ना म्हणून उगाच इकडेतिकडे नजर, आणि शेवटी एक लहानसा झोका देऊन उभं राहणं. मुंगीला तो झोका हवा होता. व्हिडिओ गेमच्या एका कंपनीत ती अ‍ॅनिमेटर होती. कामाला चिकट म्हणून हे नाव पडलेलं. हरवलेल्या नातवाला शोधायला निघालेल्या म्हातारीचा गेम तयार होत होता, आणि त्या म्हातारीचं उठणं, बसणं, चालणं सगळं मुंगीच्या हाती होतं. सासूबाईंची सून त्याच कंपनीत अ‍ॅनिमेशन दिग्दर्शक होती. दारात उभी राहून ती हे पाहत होती आणि पुष्कळ दिवसांनी हसत होती.

मुंगी तेव्हा नुकतीच गरोदर होती. सातव्या महिन्यात तिला त्रास सुरू झाला आणि अंथरुणावरून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हातारीचं काम तोवर तिने पुरं करून दिलं होतं. गेम बाजारात यायचा मात्र बाकी होता.

त्या कंपनीत एक रीत होती. कुठे लिहिलेली नव्हती, पण काळ्या दगडावरची रेघ. गेम बाजारात येईपर्यंत जो टिकेल, त्याचंच नाव शेवटी पडद्यावर. मध्येच घरी गेला, मग आजारपण असो, बाळंतपण असो की मयत, त्याचं नाव गाळायचं. त्याने हाडं झिजवली असली तरी. आणि पुढची नोकरी देणारा आधी ते नावच बघतो. तोंडी सांगितलेल्या कामाला कोण विचारतो?

"नावं पक्की करून द्या," कंपनीचे साहेब सुनेला म्हणाले. "मुंगीचं तेवढं काढा."

"साहेब, अख्खी म्हातारी तिनं केलीय."

"मी कुठं नाही म्हणतोय? पण जे थांबले त्यांना काय वाटेल? आपण एक कुटुंब आहोत. रीत तुम्हाला माहीत नाही का?"

तिला माहीत नसेल तर कुणाला असणार! काही वर्षांपूर्वी असाच एक गेम संपत आला होता आणि तिचा नवरा दवाखान्यात होता. एवढं झालं की निघते, उद्या नक्की निघते, असं म्हणत ती थांबली. तो गेला तेव्हा ती ऑफिसात होती. नाव आलं. सासूबाईंनी तो गेम कधी पाहिला नाही आणि सुनेला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी सासूबाई मटार सोलत होत्या. सून समोर बसली. तिचेही हात सोलत होते, जीव थकला होता.

"त्या पोरीचं नाव काढायला सांगितलंय, आई."

"घरी गेली म्हणून?"

"हो."

सासूबाईंचे हात थांबले. "तेव्हा मी तुझ्यावर रागावले नाही, कारण तुला अडवणारा दुसरा होता. आता ते काम तुझ्याकडे आलंय का?"

ताटातल्या मटारात सुनेचे डोळे गळत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांना म्हणाली, "तिचं नाव नसेल तर माझंही नको."

"एवढ्या वर्षांच्या कष्टांवर पाणी सोडताय?"

"कष्ट माझेच आहेत. नाव तेवढं तुम्ही ठेवा."

बाकी सगळ्यांनी आपापली नावं राहू दिली. साहेबांनी तिचा शब्द खरा मानला, आणि गेम बाजारात आल्यावर तिने नोकरी सोडली.

पुढे एका दुपारी मुंगी बाळाला घेऊन आली आणि तिघींनी मिळून गेम लावला. पडद्यावर म्हातारीने हात मांड्यांवर ठेवले, इकडेतिकडे पाहिलं, झोका दिला.

"अगंबाई, ही तर मीच!" सासूबाई ओरडल्या.

मुंगीने सगळा गेम खेळून संपवला. नावं सुरू झाली. सासूबाईंनी चष्मा पुसून लावला. मुंगीचं नाव आलं नाही. 'अ‍ॅनिमेशन दिग्दर्शन' एवढी ओळ आली आणि तिच्याखाली साहेबांचं नाव.

"ह्याला साधं खुर्चीतून उठायला तरी येतं का गं?" सासूबाईंनी विचारलं. मुंगी हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

सून आता नोकरी शोधते आहे. मुलाखतीत पगाराच्या आधी ती एकच विचारते, "मध्येच घरी जावं लागलेल्याचं नाव तुम्ही ठेवता का?" दोन ठिकाणी तिला बाहेरची वाट दाखवली. ती थकली आहे, पण प्रश्न काही बदलत नाही.

आपल्या घरातही गेम संपला की मुलं बटण दाबून नावं पळवतात. एकदा ते बटण दाबू नका. दिसतील ती नावं वाचा. आणि जी दिसणार नाहीत ती माणसं तेव्हा अंथरुणावर होती की कुणाच्या उशाशी बसली होती, हे मुलांना सांगा.